मानेवर रात्रीतून उमटलेली लाल रेघ

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, आम्ही पुण्यात मांजरीला राहतो, पहिल्या मजल्यावर, मागे शेतच आहे. परवा सकाळी त्याला शाळेसाठी उठवायला गेले तर मानेच्या डाव्या बाजूला लालभडक रेघ, बोटभर लांब, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर बारीक पिवळट फोड आले. रात्री झोपताना काहीच नव्हतं, मीच त्याला आंघोळ घातली होती. आग होते म्हणतो, पण काय झालं विचारलं की "काय नाय". सासूबाई म्हणतात नागीण आहे, त्यांनी गेरू लावलाय आणि दोन तोंडं जुळायच्या आत उतरवून घ्या म्हणून मागे लागल्यात. शाळेत मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं, घरी कुणी मारतं का, मला तिथेच रडू आलं. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर तो मावशींकडे असतो. दीड वर्षात त्यांची एकही तक्रार नाही, पण आता डोक्यात तेच फिरतंय की उलथन्याचा चटका तर दिला नसेल? मिस्टर म्हणतात उद्यापासून मावशींना बंदच करू. काय करू? – एक आई, मांजरी

उत्तर: ताई, सगळ्यात आधी हे, मावशींना आज काही बोलू नका. आधी मुलाला डॉक्टरांना दाखवा, तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांना किंवा स्किनवाल्यांना, ससूनच्या स्किन ओपीडीत गेलात तरी चालेल. न बघता खात्रीने सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ना, रात्री काही नाही आणि सकाळी रेघ, आग होणं, मग पिवळट फोड, मागे शेत, आणि त्यात हा पावसाळा, यावरून मला पहिला संशय येतो तो एका किड्याचा.

पेडेरस नावाचा किडा आहे, लोक ॲसिड फ्लाय म्हणतात पण माशी नाही, भुंगेऱ्याच्या जातीतला आहे. लांबी जेमतेम 7 ते 10 मिलिमीटर, लांबट मुंगीसारखा दिसतो, डोकं काळं, मधलं अंग नारिंगी आणि शेपटीचं टोक परत काळं. ओल्या मातीत, कुजलेल्या पाल्यात, पिकात राहतो, पिकावरचे बारीक किडे खातो म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचाच आहे. पावसाळ्यात यांची संख्या वाढते आणि रात्री ट्यूबलाइट, एलईडीच्या पांढऱ्या उजेडाकडे खिडकीतून आत येतात. हा चावत नाही, डंखही मारत नाही. अंगावरून चालताना आपण झोपेत हात फिरवतो आणि तो चिरडला जातो, त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं आणि हात जसा फिरला तशी रेघ उमटते. म्हणून चट्टा गोल न येता लांबडा येतो, कोणीतरी फटका मारल्यासारखा किंवा चटका दिल्यासारखा.

आता यातलं सगळ्यात फसवं काय तर ते विष लागल्या लागल्या काहीच कळत नाही. पेडेरिन कातडीच्या पेशींचं प्रोटीन बनवायचं काम बंद पाडतं आणि त्याचा परिणाम दिसायला साधारण अर्धा ते दोन दिवस जातात. त्यामुळे मुलाला खरंच काही आठवत नसणार, तो लपवत नाहीये, त्याला पुन्हा पुन्हा विचारून घाबरवू नका. चटक्याचं याच्या उलट असतं, भाजल्या क्षणी मूल किंचाळतं, कातडी लगेच लाल होते, त्याच दिवशी फोड येतो आणि डागाला बऱ्याचदा त्या भांड्याची कड, आकार असतो. तुम्ही रात्री स्वतः आंघोळ घातलीत आणि मान स्वच्छ होती, मावशी तेव्हा घरी गेलेल्या असणार, ही गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. अजून एक बघा, त्याला मान वाकवायला सांगा, जिथे घडी पडते तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर तसाच चट्टा उमटलाय का. कोपराच्या आत, मानेच्या घडीत असा जोडीचा चट्टा दिसला तर या किड्याचा संशय खूपच पक्का होतो, कारण ओला रस घडीत एका बाजूचा दुसऱ्या बाजूला लागतो.

नागिणीबद्दल, सासूबाईंची काळजी खरी आहे, त्यांना झिडकारू नका पण गेरू आजच कोमट पाण्याने हलक्या हाताने काढून टाका, फुटलेल्या फोडावर माती बसली तर पू होतो. नागीण हा कांजिण्यांच्याच व्हायरसचा आजार, एका नसेच्या पट्ट्यात येतो, फोड घोसाने येतात, बहुतेक वेळा आधीपासून दुखतं आणि इतक्या लहान मुलात ती कमीच दिसते. ती एका बाजूला राहते, सहसा शरीराच्या मधोमध येऊन थांबते, पलीकडे जात नाही, त्यामुळे दोन तोंडं जुळून माणूस जातो ही भीती मनातून काढा. आणि समजा डॉक्टरांनी नागीण सांगितली तरी तिला औषध आहे, उतरवायला कुठे जायची गरज नाही.

घरी काय करायचं तर चट्टा साबणाच्या पाण्याने धुवा, गार पाण्याची घडी दिवसातून तीनचार वेळा ठेवा, नखं कापा, चादर उशीचा अभ्रा बदला. टूथपेस्ट, हळद, डेटॉल काही नको. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणू नका, त्यात बऱ्याचदा स्ट्राँग स्टेरॉइड असतं आणि लहान मुलाच्या मानेची कातडी पातळ असते. सौम्य स्टेरॉइड लागतं कधीकधी, पण कोणतं आणि किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचं. साधारण एक ते तीन आठवड्यांत खपली पडून बरं होतं, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, शाळा बुडवायची गरज नाही. नंतर तिथे काळपट डाग राहील, आपल्या रंगाच्या कातडीवर तो काही महिनेसुद्धा राहतो, गोरं करणाऱ्या क्रीम लावू नका, आपोआप फिका होत जातो.

डोळ्याला हात लागून डोळा सुजला, ताप आला, लाली पसरत चालली किंवा पू दिसला तर थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि कधीही अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, वर काचेचा ग्लास दाबूनही फिके पडत नाहीत असं दिसलं तर ते वेगळं प्रकरण, पुण्यात पावसाळ्यात डेंगीचे पेशंट असतातच, तिथे रात्र काढायची नाही.

मिस्टरांना हे वाचायला द्या. दीड वर्ष ज्या बाईने तुमचं मूल सांभाळलं तिला एका रेघेवरून घालवू नका, कामवाल्या बाईवर एकदा असा आळ आला की सोसायटीत दुसरं काम मिळणं मुश्किल होतं. तुमचा संशय मात्र मी चुकीचा म्हणणार नाही, मुलाच्या बाबतीत तो यायलाच हवा. डॉक्टर म्हणाले की हे भाजल्याचंच आहे, किंवा पाठीवर मांडीवर अजून खुणा निघाल्या, मूल मावशींकडे जायला घाबरतंय, तर मग गप्प बसायचं नाही, 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे बोला. शाळेच्या मॅडमचाही राग धरू नका, त्यांनी विचारलं ते चांगलंच केलं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांना दाखवून या.

रात्री खिडकीला जाळी, मुलाच्या पलंगाच्या बरोबर वरची ट्यूब बंद, झोपायच्या आधी अंथरूण झटकून घ्या. किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाहेर टाका आणि ती जागा लगेच साबणाने धुवा. मावशींनाही हे दाखवा, दुपारी मूल त्यांच्याकडेच झोपतं ना.