पानांचा अर्क आणि पाण्यातले जिवाणू: सुरुवात करताना

पानांचा अर्क पाण्यातले जिवाणू रोखतो का, हे तपासायच्या प्रोजेक्टसाठी कडुनिंब निवडलास, छान. पण पाच-सहा झाडं एकदम घेऊ नकोस. एकाच झाडाची पानं आणि ई. कोलाय हा एकच जिवाणू, एवढंच पुरे. पानं सावलीत वाळव.

नवखे हमखास गडबडतात ते कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्काशिवाय करायच्या तुलनेच्या चाचणीत. अर्क इथेनॉलमध्ये काढलास, तर अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटमध्ये अर्कासाठी भोकं पाडतोस, त्यातल्या एका भोकात नुसतं इथेनॉल घाल. त्याभोवतीही अर्काभोवती दिसतं तसंच स्वच्छ, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ उमटलं, तर श्रेय पानाचं नाही! हे न करता लिहिलेले प्रोजेक्ट ढिगानं सापडतात.

- पाण्यातला अर्क ताजाच वापर, लवकर खराब होतो.
- जिवाणू घरी वाढवायचे नाहीत; लॅबमध्येच, आणि प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करूनच) टाकायची.
- वर्तुळ दिसलं म्हणून पाणी पिण्याजोगं झालं, असं लिहू नकोस. प्यायचं पाणी उकळायचंच.

एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं किमान प्रमाण) वगैरे नंतर बघू.