वॉट सोडा, आधी रिसिव्हरची मागची बाजू बघा

प्रश्न: माझ्याकडे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी. आवाज गोड आहे पण बेस अगदीच तोकडा. बजेट बेताचं आहे. १०० वॉटचा स्टिरिओ रिसिव्हर घेऊ का ५० वॉटचा एव्ही रिसिव्हर, आणि सबवूफर ८ इंची का १२ इंची? जो तो वेगळंच सांगतोय. ९० टक्के गाणी, थोडाफार टीव्ही.

उत्तर: तुमच्या प्रश्नात १०० आणि ५० हे आकडे सगळ्यात आधी आलेत आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात कमी कामाचे आहेत. (रिसिव्हर म्हणजे स्पीकरना ताकद देणारा डबा; स्टिरिओ म्हणजे दोन स्पीकरचा, एव्ही म्हणजे टीव्ही-सिनेमासाठी पाच-सात स्पीकरचा. सबवूफर, म्हणजे सब, हा फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर.) वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डीबी, म्हणजे कळेल न कळेल इतका. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. आता तुमचाच हिशोब करू. ८६ डीबी म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८६, तुम्ही बसणार अडीच-तीन मीटरवर, तिथे दोन्ही स्पीकर धरून ८० च्या आसपास मिळतील. घरात आपण ऐकतो साधारण ७५ ला, म्हणजे बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा लागत नाही! ड्रमचा ठोका आला आणि ९५ पर्यंत उडी मारावी लागली तर ३० वॉट. ५० वॉट खरे असतील तर तुम्हाला भरपूर झाले.

गोम त्या "खरे" मध्ये आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात १०० वॉट आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के टीएचडी" (टीएचडी म्हणजे आवाजातली विकृती) असं असेल तर तो आकडा आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आहे. "८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल चालू, ०.०८ टक्के" असं लिहिलेला ५० वॉटचा रिसिव्हर त्याच्या तोडीस तोड असू शकतो. आणि तुमचे स्पीकर ६ ओहमचे आहेत (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडथळा करतो ते), तर मॅन्युअलमध्ये ६ ओहम चालतं असं लिहिलंय ना तेवढं बघून घ्या.

आता मुद्द्याचं. रिसिव्हर उलटा करा, किंवा मागच्या पॅनलचा फोटो झूम करून बघा. "सबवूफर प्री-आउट" नावाचं एक भोक दिसेल, सबकडे सिग्नल न्यायचं. ते दिसलं की लोक खूश होतात, पण बऱ्याच स्टिरिओ रिसिव्हरमध्ये ते भोक म्हणजे नुसती एक जास्तीची वायर असते, सबला सिग्नल जातो पण तुमच्या छोट्या स्पीकरना खालचा बेस जायचा तो जातच राहतो, त्यांचा साडेपाच-सहा इंची वूफर बिचारा ४० हर्ट्झसाठी (हर्ट्झ जितके कमी तितका सूर खालचा) धडपडत राहतो आणि वर ६०-८० च्या पट्ट्यात स्पीकर आणि सब दोघं एकच काम करतात, मग तो भोंगळ, घुमल्यासारखा बेस तयार होतो ज्याचं खापर शेवटी सबवर फुटतं.

एव्ही रिसिव्हरमध्ये याची सोय असते, तिला बेस मॅनेजमेंट म्हणतात. सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" करायचे, क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वाटून द्यायची सीमा, ८० हर्ट्झ ठेवायचा, की ८० च्या खालचं सगळं सबकडे आणि वरचं स्पीकरकडे. छोट्या स्पीकरचा आवाज यानेच मोकळा होतो, मधला भाग, गाणाऱ्याचा गळा, एकदम स्वच्छ. "स्मॉल" शब्दाला घाबरू नका, चांगले मोठे स्पीकरसुद्धा स्मॉलवरच ठेवतात. म्हणून तुमच्यासाठी माझं मत एव्ही रिसिव्हर, पाच-सात चॅनलमधले दोनच वापरा, कोणी विचारत नाही. टीव्ही एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलने रिसिव्हरकडे आणायची सोय) जोडला जाईल हा वरचा फायदा. काही नवीन स्टिरिओ रिसिव्हरमध्येही हाय-पास फिल्टर (स्पीकरकडे जाणारा खालचा बेस अडवणारा) द्यायला लागलेत, तसा बजेटमध्ये मिळाला तर अजून छान, पण मॅन्युअल आधी डाउनलोड करून त्यात "क्रॉसओव्हर" शोधा. नसेल सापडत तर नाहीये असं समजा.

सबचं म्हणाल तर मध्यम खोलीला १० इंची, छोट्या खोलीला ८ इंची चालेल. १२ इंची स्वस्तातला घेण्यापेक्षा १० इंची बरा घ्या, कारण स्वस्त मोठ्या सबमध्ये पैसे खोक्यात जातात आणि अॅम्प्लिफायर मात्र कमकुवत असतो. इंचांपेक्षा तो खाली किती जातो ते बघा. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे गाण्यांसाठी ३५ पर्यंत नीट जाणारा सब पुष्कळ झाला. सिनेमातले भूकंप-स्फोट त्याच्याही खाली असतात, पण तुमचं ते दहा टक्केच. आणि सब स्वतःच्या अॅम्प्लिफायरवाला, म्हणजे अॅक्टिव्हच घ्या.

आणल्यावर कोपऱ्यात ढकलून मोकळे होऊ नका. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, खोली तेवढी नसते, त्यामुळे एका जागी बेस दुप्पट आणि दोन पावलांवर गायब असं होतं. यावर जुना उपाय आहे: सब उचलून तुमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवा, बेस गिटार सतत सूर बदलत फिरते असं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू देत. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, एकच सूर बोंबलत नाही, तिथे सब ठेवायचा. मग सबवरचं फेजचं बटण (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं) ० आणि १८० करून बघा, क्रॉसओव्हरच्या आसपासचा बेस ज्यात जास्त भरेल ते ठेवा. रिसिव्हर क्रॉसओव्हर करत असेल तर सबवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात. हे फार जण विसरतात.

प्रश्न: माझा अॅम्प्लिफायर जुना आहे, सबचं आउटपुटच नाही. बदलावा लागेल का?

उत्तर: नाही. "हाय लेव्हल" किंवा "स्पीकर लेव्हल" इनपुट असलेला सब घ्या, अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरूनच दोन जास्तीच्या वायरी सबला न्यायच्या. सब तिथून जवळजवळ काहीच ताकद ओढत नाही त्यामुळे अॅम्प्लिफायरवर लोड येत नाही. फक्त अॅम्प्लिफायर क्लास डी (एक प्रकारची अॅम्प्लिफायरची रचना, मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते) असेल तर काळी वायर जोडण्याआधी मॅन्युअल वाचा, काहींमध्ये ती ग्राउंड नसते आणि जोडली की नुकसान होतं. आणि एक, काही जुन्या मॉडेलना मागे "प्री आउट – मेन इन" असते, त्यात यू आकाराच्या धातूच्या पिना खोचलेल्या असतात. त्या काढून प्री आउट सबला नेता येतं, पण मेन इनला परत सिग्नल द्यायला विसरलात तर स्पीकर मुके होतील. सेकंडहँड घेताना त्या पिना जागेवर आहेत का नक्की बघा.

प्रश्न: सब जोडल्यापासून सतत "हूं" असा आवाज येतो, गाणं बंद असलं तरी. सब खराब आहे का?

उत्तर: बहुतेक नाही. सबची आरसीए केबल, म्हणजे रिसिव्हरकडून सिग्नल आणणारी, काढा, विजेचा प्लग चालू राहू दे. हूं थांबलं तर सब ठीक आहे, तो बहुतेक ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेली वर्तुळाकार वाट. सब आणि रिसिव्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरी राहिलं तर टीव्हीची अँटेना किंवा केबलची वायर काढून बघा, बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते, मग तिच्यावर आयसोलेटर (ही वाट तोडणारा छोटा जोड) लावायचा. अर्थिंगची पिन मात्र कापायची नाही, कोणी कितीही सांगो. शॉक लागायची भीती आहे.

प्रश्न: स्पीकरची वायर महागडी घ्यावी का?

उत्तर: नको. खऱ्या तांब्याची दीड स्क्वेअर एमएम घ्या, आणि उरलेले पैसे सबमध्ये घाला.