कार्तिकस्वामीचा उपवास बायकांनी केला तर चालतो का? तमिळनाडूत स्कंदषष्ठी कशी करतात?

जरूर करा. आपल्याकडे बायका एरवी कार्तिकस्वामीचं दर्शन टाळतात, फक्त कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना घेतात, म्हणून तुम्ही विचारलंत. लग्न होऊन कोईमतूरला आले तेव्हा मीही मरुदमलैच्या कार्तिकस्वामीच्या देवळाबाहेर थबकले होते. शेजारच्या मामींनी हात धरून आत नेलं. आपला कार्तिकेय ब्रह्मचारी, पण तमिळांचा मुरुगन संसारी आहे, वल्ली आणि दैवानै या दोन बायकांसह पुजला जातो. हा उपवास तर मूल व्हावं म्हणून बायकाच जास्त करतात. तिकडे एक म्हण आहे: सट्टीत असेल तरच अगप्पैत येईल, म्हणजे आडात असेल तर पोहऱ्यात. सट्टी म्हणजे मडकं, तशी षष्ठीही. अगप्पै म्हणजे पळी, आणि शब्द फोडला तर आतली पिशवी, गर्भाशय. मामींनी ती मला दुसऱ्या अर्थानेच सांगितली होती.

उपवास कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत, सहा दिवस. म्हणजे नेमका पाडव्यापासून! भाऊबीजेला भावाला ओवाळायचं आणि लाडवाला हात लावायचा नाही, हे पहिल्या वर्षी फार जड गेलं. कोणी दूध-फळांवर राहतं, कोणी एकवेळ जेवतं, कांदा-लसूण नाही. साबुदाणा खिचडी मात्र विसरा. आपला साबुदाणा येतो तोच मुळी तमिळनाडूतल्या सेलमहून, पण तिकडे तो पायसात घालतात, उपवासाशी त्याचं नातं नाही. सकाळ-संध्याकाळ कंद षष्टी कवचम् हे मुरुगनचं तमिळ स्तोत्र म्हणतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा, जेवलात तरी देव रागावत नाही.

जमलं तर एकदा षष्ठीला तिरुचेंदूरला जा. मुरुगनच्या सहा मुख्य स्थानांपैकी समुद्रकाठी असलेलं हे एकच. संध्याकाळी वाळूत सूरसंहार, म्हणजे सूरपद्मन असुराच्या वधाचा देखावा होतो. असुराच्या पुतळ्याचं मुंडकं बदलत जातं, हत्तीचं, सिंहाचं, शेवटी तो आंब्याचं झाड होतो. मुरुगनच्या वेलने, म्हणजे भाल्याने, त्याचे दोन तुकडे होतात, एकाचा मोर, दुसऱ्याचा कोंबडा. मोर वाहन, कोंबडा ध्वजावर. मारलेल्या शत्रूला असं जवळ घेणारा देव मला फार आवडतो. तिथली विभूती पन्नीर नावाच्या झाडाच्या पानात बांधून देतात. माझ्या देव्हाऱ्यात ते वाळलेलं पान अजून आहे.

सातव्या दिवशी देवाचं लग्न लागतं, तिरुकल्याणम्. ते झालं की आईने पाठवलेला फराळाचा डबा मी उघडते, पहिल्या चकल्या मामींना.