जबड्याच्या ऑपरेशनसाठी निवृत्तीची ठेव मोडावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १९ वर्षांची. लहानपणी हनुवटीवर पडली आणि जबड्याचा सांधा कवटीला जखडला. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून तो सोडवला, तोंड उघडू लागलं, पण खालचा जबडा मागेच राहिला. सर्जन आता तो पुढे आणायचा म्हणतात. तुम्ही निवृत्तीसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला निघालात, आणि घरच्यांचं म्हणणं, नुसत्या दिसण्यासाठी एवढा खर्च कशाला?

दिसण्यासाठी हे काही मला पटत नाही. मुलगी तीन उशा लावून जवळजवळ बसूनच झोपते, घोरता घोरता श्वास अडकला की तुम्ही उठून तिला हलवता, असं तुम्हीच लिहिलंय. जबडा आखूड राहिला की जीभही मागे राहते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून ठेवीला हात लावण्याआधी रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्या. श्वास तासाला किती वेळा अडतो, तो आकडा त्यात मिळतो. मोठ्या माणसात ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर गंभीर. गंभीर निघाला तर पैसे साठेपर्यंत थांबू नका. ठीक निघाला तर वर्षभर थांबून बचत करायला, सर्जनची हरकत नसेल तर, माझीही नाही.

विम्यासाठीही हाच आकडा लागेल. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो. जुना सांध्याचा आजार, झोपेचा अहवाल आणि चावण्याची अडचण सर्जनकडून लिहून घ्या आणि मंजुरी ऑपरेशनआधी लेखी मागा. दातांच्या तारांचा खर्च बहुधा खिशातूनच जाईल, असं धरून चाला.

हा खर्च एकदम येत नाही. जबड्याचं हाड कापून ते हळूहळू लांबवणारं यंत्र बसवलं, तर पाच-सात दिवसांनी स्क्रू फिरवायला सुरुवात होते, साधारण रोज १ मिलिमीटर. १५ मिलिमीटर हवं असेल तर पंधरवडा. मग नवं हाड पक्कं व्हायला दोन-तीन महिने, आणि यंत्र काढायला दुसरं ऑपरेशन. त्याचे पैसे बाजूला काढायचे राहून जातात. तुमची बिनपगारी रजाही हिशेबात धरा. तोंड उघडण्याचा व्यायाम, दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक वाढवत जाण्याचा, पैशांपायी कधीच थांबवू नका. तो सुटला तर सांधा पुन्हा जखडण्याचा धोका वाढतो.

म्हणून ठेव मोडू नका, तिच्यावर उचल घ्या. जेवढे पैसे काढाल तेवढ्यावरच व्याज लागेल अशी सोय बँकेत विचारा. टप्प्याटप्प्याने येणाऱ्या खर्चाला ती चपखल बसते. वैयक्तिक कर्ज सहसा याहून महाग पडतं. घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे मात्र वेगळेच राहू द्या.

नुसती हनुवटी पुढे घेण्याचा पर्याय स्वस्त आहे खरा, पण त्यात दात जागेवरच राहतात, चावणं सुधारत नाही. श्वासाला त्याचा किती उपयोग होईल, हे सर्जनना थेट विचारा. पुढे मोठं ऑपरेशन करावंच लागणार असेल, तर हा खर्च दुहेरी होईल.

तपासणीचा आकडा, ठेवीची मुदत आणि विम्याची अटींची पानं पाठवा. कोणत्या महिन्यात किती उचलायचे, ते मी मांडून देतो.