सेल्टिक की केल्टिक?

प्रश्न : काल टीव्हीवर केल्टिक म्युझिकचा (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकसंगीताचा) कॉन्सर्ट बघितला, मस्त होता, पण ग्लासगोच्या फुटबॉल टीमला सगळे सेल्टिक म्हणतात, मग बरोबर काय? आणि स्कॉटलंडच्या टीमच्या मॅचला आयर्लंडचे झेंडे कशाला?

उत्तर : दोन्ही बरोबर! संगीत केल्टिक, क्लब सेल्टिक. झेंड्यांचं म्हणाल तर १८८७ साली हा क्लब निघालाच मुळी ग्लासगोतल्या गरीब आयरिश कॅथलिक लोकांना मदत म्हणून, आणि समोर ग्लासगोच्याच दुसऱ्या क्लबचे, रेंजर्सवाले ब्रिटनचा युनियन जॅक घेऊन उभे, म्हणजे राजकारण आलंच ना! मला स्वतःला त्या आरडाओरड्यापेक्षा आयरिश इलन पाइप्स (बॅगपाइपचाच एक प्रकार) बऱ्या वाटतात, त्या तोंडाने फुंकतच नाहीत, कोपराने भाता दाबतात, पुढच्या वेळी वादकाच्या हाताकडे बघा.