तांदूळ, मसूर, कांदे, बटाटे आणि अंडी एवढ्यावरच महिना काढायचा असेल, तर रोज वेगळं काय करून खाता येईल?

तुम्ही प्रश्नात सामान मोजूनच दिलंय: तांदूळ, अख्खे मसूर, कांदे, बटाटे, अंडी, तेल, मीठ, लाल तिखट, लिंबं. एक शेगडी, एक तवा, दोन पातेली. आणि चौथ्याच दिवशी ताट बघून नको वाटतं म्हणता.

मी यातून गेलोय. कामासाठी सात आठवडे एका खोलीत राहिलो होतो आणि माझी यादी तुमच्यापेक्षा एका वस्तूने लहान होती, कारण अंडी नव्हती. पहिले दहा दिवस मी जोड्या बदलत बसलो. आज मसूर-भात, उद्या बटाटा-भात, परवा मसूर-बटाटा आणि भात. नावं निराळी, पण ताटात रोज तेच मऊ, ओलं, तपकिरी काहीतरी. तेव्हा कळलं की मला मसुराचा नाही, त्या गिळगिळीतपणाचा वीट आलाय. खाण्याच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली यावर प्रयोग केले होते. एखादा पदार्थ खात गेलं की त्याचीच गोडी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची तेवढी उतरत नाही. यात नुसती चव येत नाही. रंग, आकार, दाताखाली कसं लागतं हेही येतं. म्हणून माझं उत्तर एवढंच: पदार्थ नका बदलू, त्याचं रूप बदला.

कांद्यापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यात बहुरूपी. पातळ चिरून मीठ-लिंबू चोळून पंधरा मिनिटं ठेवला की तो नरम पडतो, पण करकरीत राहतो आणि त्याचा उग्रपणा जातो. जाड चकत्या कडकडीत तापलेल्या कोरड्या तव्यावर टाकून हात न लावता ठेवल्या, तर बाहेरून करपट आणि आतून अर्धकच्च्या होतात. ती चव पूर्ण वेगळी. आणि तिसरा प्रकार म्हणजे मंद आचेवर पाऊण तास परतलेला.

हा पाऊण तास कुणी देत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चार-पाच कांदे उभे चिरा, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ. पहिली दहा मिनिटं तव्यावर नुसता चुरचुर आवाज येतो, तो सुटलेल्या पाण्याचा. पाणी असेपर्यंत कांदा १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही आणि तपकिरी रंग, खमंग वास हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरतं. मग आवाज बारीक होतो, कांदा काचेसारखा दिसतो. इथे धीर सुटतो आणि माणूस आच वाढवतो. वाढवू नका, कडा जळतील आणि मधला भाग तसाच राहील. अर्ध्या तासाने तव्याच्या बुडाला तांबूस लेप धरतो. त्यावर दोन चमचे पाणी शिंपडायचं, लेप खरवडून कांद्यातच मिसळायचा, पुन्हा सुकू द्यायचं. असं तीनदा केलं की एवढ्या कांद्यांचा वाटीभर दाट, गोडसर गोळा उरतो. तो भातात घाला, मसुरात घाला, अंड्यात फेटा. मी रविवारी करून ठेवायचो आणि तीन-चार दिवस पुरवायचो.

मसूर नेहमी पूर्ण शिजवून घोटायलाच हवेत असं कुठे आहे? दाणा अख्खा राहील इतपत शिजवा, पाणी निथळा, गार करा, वर तो लिंबातला कांदा. दुसऱ्या दिवशी तेच मसूर भरपूर पाण्यात घोटून पातळ करून प्या. तिसऱ्या दिवशी रात्रभर भिजवलेले कच्चे मसूर वाटून, मीठ-तिखट घालून तव्यावर पातळ पसरा. कडा कुरकुरीत होतात. वाटायचं यंत्र नसेल तर खलबत्ता चालतो, फक्त दंड दुखतात. एक चूक मात्र करू नका, ती मी केलीय. चव आधीच मुरेल म्हणून शिजतानाच दोन लिंबं पिळली. दीड तास उकळूनही दाणे कडक, कारण आंबटपणामुळे दाण्याचं साल आणि पेशी एकमेकांना घट्ट धरून राहतात. बटाट्याचंही तसंच. लिंबू शेवटी, आच बंद केल्यावर.

भात ताजा असला तर मऊ, शिळा असला तर सुटसुटीत. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, म्हणून परतायला आदल्या रात्रीचाच भात बरा. पण तो फ्रीजमधला. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फ्रीज नसेल तर हा प्रकार सोडून द्या. त्याऐवजी भात शिजल्यावर तळाशी दोन चमचे तेल सोडून, झाकण न उघडता मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेवा. खाली सोनेरी खरपूस थर धरतो. आम्ही दोघं एकत्र जेवायचो तेव्हा त्या खरवडीवरून रोज भांडण.

बटाटे उकडले की पाणी ओतून रिकाम्या गरम पातेल्यात दोन मिनिटं सुकू द्या, मग परता. ओला बटाटा वाफाळत बसतो, त्याला कधी कुरकुरी येत नाही. अंड्यांचं तुम्हाला सांगायला नकोच, तेवढी तर सगळ्यांना येतात.

तुमच्या यादीत खरी उणीव आहे ती ताज्या गोष्टीची, आणि ती गोष्ट मसुरातच लपलेली आहे. डाळ नाही, अख्खे मसूर आहेत ना, मग मोड येतील. आज रात्री वाटीभर भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, रोज दोनदा धुवा. दोन-तीन दिवसांत पांढरे कोंब दिसतील. कच्चे खाऊ नका, तव्यावर तीन-चार मिनिटं झाकण ठेवून वाफ द्या, वर मीठ आणि लिंबू.