फोनवर लिनक्स टाकणाऱ्या पोरास

चि. यास आशीर्वाद.

जुन्या वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस, म्हणजे फोनसाठीचं लिनक्स, चढवायचं ठरवलंस, छान केलंस. पण सिस्टमडी की ओपनआरसी यावर आठवडाभर अडून का बसलास? दोन्हींचं काम एकच: फोन चालू होताना मागे चालणारे प्रोग्राम, म्हणजे सेवा, सुरू करायचे आणि सांभाळायचे. सिस्टमडी २०१० साली आलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे. आपल्या सीमाप्रश्नासारखा: निपाणीच्या स्टँडवर चहा संपतो, वाद संपत नाही. तू त्यात पडू नकोस.

आधी इंटरफेस, म्हणजे पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप, ठरव. नोम किंवा प्लाझ्मा मोबाईल हवा असेल तर सिस्टमडी घे. हे डेस्कटॉप त्याच्यावर दिवसेंदिवस जास्त टेकतात, आणि ते नसताना त्यांना चालवायला माणसांचे हात फार खपतात. म्हणूनच पोस्टमार्केटओएसवाल्यांनी मार्च २०२४ मध्ये सिस्टमडी आणायचं जाहीर केलं. पोस्टमार्केटओएस ज्या लिनक्सवर उभं आहे ते मूळ अल्पाइन आहे ओपनआरसी आणि मसल या सी लायब्ररीवर, सिस्टमडी लिहिलं गेलं ग्लिबसी ही दुसरी सी लायब्ररी धरून, त्यामुळे ठिगळं लावावी लागलीच. एसएक्समोसारखा हलका इंटरफेस हवा असेल तर ओपनआरसी छान. त्याची सेवा म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, उघडली की कळते.

बॅटरी वाचेल म्हणून ओपनआरसी, हे तुझं म्हणणं मात्र पटलं नाही. फोन किती गाढ झोपतो ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हरवर ठरतं. बूटला चार सेकंद जास्त लागले तरी बिघडत नाही. फोन रोज कोण बंद करतो?

खरं बघायचं ते मॉडेम. खानापूरच्या जंगलपट्टीत रेंज येते-जाते, अशात मॉडेम सांभाळणारी सेवा, मॉडेममॅनेजर, कोलमडली तर तिला उठवणार कोण? आई फोन लावत बसेल आणि तुझा वाजणारच नाही. सिस्टमडीत सेवेच्या फाइलमध्ये 'रीस्टार्ट'ची एक ओळ पुरते. ओपनआरसीतही पडलेली सेवा पुन्हा उठवणारा सुपरवाइज-डीमन आहे, पण सेवा त्याच्या ताब्यात दिलेली असावी लागते. तेव्हा दोन्हीकडे करून बघ: मॉडेममॅनेजरला किल -९ ने, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडणाऱ्या आज्ञेने, मार आणि दुसऱ्या फोनवरून लगेच रिंग दे. साध्या किलने नको, तेव्हा ती सेवा नीट आवरून बंद होते आणि परीक्षा होतच नाही.

माझा कौल सिस्टमडीला आहे. पहिले काही दिवस मुख्य सिम जुन्या फोनमध्येच राहू दे, आणि बूटलोडर, म्हणजे फोनची सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम, त्याचं कुलूप उघडण्याआधी फोटो उतरवून घे. उघडताना सगळं पुसलं जातं.